अठ्ठावीस दिवसांची नोटीस

मोरकॅम,
१७ सप्टेंबर २०२३

प्रिय डोरीन आंटी,

तुला फोन करायचा नाद मी आता सोडला. मी विचारते तब्येत कशी आहे, तू सांगतेस साडेचारची गाडी. कानातलं यंत्र टेबलावर ठेवून फोन उचलणारी तू जगात एकटीच असशील. त्यापेक्षा पत्र बरं, पत्रात तुला मध्येच माझं बोलणं तोडताही येत नाही.

आज रविवार. खिडकीशी बसले आहे. पाणी गेलंय, खाडी नुसती ओली आणि रिकामी पडली आहे, आणि तुझ्या बाजूचा किनारा जमिनीला न टेकता हवेत थोडा वर थांबल्यासारखा दिसतोय. तुझं घर कोणतं ते इथून कळत नाही. मी दर वेळी एक पांढरा ठिपका धरते आणि तेच तुझं असं समजून चहा पिते.

समाजसेविका होण्याच्या माझ्या शिकाऊ उमेदवारीचं तिसरं, म्हणजे शेवटचं वर्ष सुरू झालं. चार दिवस ऑफिस, गुरुवारी विद्यापीठ. नोकरी कौन्सिलची चालू आणि वर्षाच्या शेवटी हातात पदवी. चौतिसाव्या वर्षी मी निबंध लिहिते आणि गुण कमी पडले की बाथरूममध्ये जाऊन रडते. आता मला मुलांच्या टीममध्ये टाकलंय. इथली नोंदी लिहायची पद्धत तुला ऐकून गंमत वाटेल. मुलाला भेटून आलं की झालेलं सगळं त्या मुलालाच पत्र लिहिल्यासारखं लिहायचं. ‘आज मी तुला भेटायला आले. तू मला पडलेला दात दाखवलास.’ कारण अठरा वर्षांची झाली की ही मुलं आपली फाईल मागवू शकतात. तेव्हा त्यांना ‘बालिकेचे वर्तन समाधानकारक’ असलं काही वाचायला मिळू नये, कुणीतरी आपल्याशी बोलत होतं असं वाटावं.

माझ्याकडे एक आठ वर्षांची मुलगी आहे. नाव सांगणार नाही, नियम तुला माहीत आहेत. मी तिला टिटवी म्हणते, कारण ती श्वास घ्यायलाही थांबत नाही. आईकडे राहणं शक्य नाही म्हणून ती जूनपासून पिवळ्या दाराच्या एका घरात आहे. त्या घरच्या बाईंनी पहिल्यांदाच कुणाचं मूल सांभाळायला घेतलंय.

टिटवीची पत्रं लिहिता लिहिता मला वाटलं, मलाही असंच ऑफिसने तुझ्या घरी ठेवलं होतं, तर माझ्या फाईलमध्ये काय असेल? म्हणून मागच्या आठवड्यात मीही अर्ज करून टाकला. मला विशेषतः तो दिवस वाचायचाय. तो अजून माझ्या स्वप्नात येतो. मी नऊ वर्षांची, पाठीवर दप्तर, वाळूवरून चाललेय. सगळी वाळू गुलाबी, माझ्या पायाखाली आकाश. मग मागून विल्फ अंकलचा ट्रॅक्टर येतो, ते मला उचलून वर घेतात, त्यांचा कोट माझ्यावर टाकतात, त्याला करंदीचा वास. घरी आल्यावर तू मला एक शब्दही बोलली नाहीस. संध्याकाळभर माझ्याजवळ बसून करंदी सोलत राहिलीस. हे माझं घर आहे, हे मला त्या संध्याकाळी कळलं. ते कुणीतरी लिहून ठेवलं असेल का, एवढंच बघायचंय.

तुझी
कर्स्टी


फ्लूकबरा,
२६ सप्टेंबर

प्रिय कर्स्टी,

आमच्या वेळी शिकाऊ म्हणजे खाटकाकडचे नाहीतर नळवाल्याकडचे. लोकांची पोरं सांभाळायचंही शिकाऊ असतं हे नवीन ऐकलं. आम्हाला कुणी शिकवलं नाही. एक बाई आली, कपाटं उघडून बघून गेली आणि पुढच्या महिन्यात तुला घेऊन आली.

तुमचं ते पत्रांचं वाचून हसले. मला रोज वही भरावी लागायची. जेवली. झोपली. दात घासले म्हणते पण ब्रश कोरडा. त्या जागी मी ‘प्रिय कर्स्टी’ लिहिलं असतं तर ऑफिसवाल्यांनी मलाच डॉक्टरकडे नेलं असतं.

फाईलचं म्हणशील तर कशाला उकरतेस? लोक घाईत लिहितात. सोमवारी लिहिलेलं मंगळवारी खरं राहत नाही, पण कागदावर ते सोमवारचंच राहतं. त्या ट्रॅक्टरच्या दिवसाचं तू लिहिलंस. मला तो इतका गुलाबी आठवत नाही. पण तू नऊ वर्षांची होतीस आणि मी पन्नाशीची, तेव्हा असायचंच.

इथे सगळं शांत आहे. मला ऐकू येत नाही म्हणून जास्तच शांत. सकाळी पाणी येतं ते आता मला नुसतं दिसतं. आधी काहीच नसतं, मग सगळीकडे असतं. मी खुर्ची खिडकीकडे वळवून ठेवली आहे आणि बसल्या बसल्या डोळा लागतो. जाग आली की पाणी पुन्हा गेलेलं असतं आणि दिवसाचं काय झालं ते समजत नाही.

फाईल यायला साधारण किती दिवस लागतात ते मात्र कळव.

डोरीन


मोरकॅम,
३ नोव्हेंबर

प्रिय आंटी,

उशिरा लिहितेय आणि रागात लिहितेय. फाईलला तीन महिने म्हणाले होते, आता चार म्हणतात. ते राहू दे.

पिवळ्या दाराच्या बाईंनी सोमवारी नोटीस दिली. अठ्ठावीस दिवसांची. सत्तावीस नोव्हेंबरच्या आत टिटवीसाठी दुसरं घर बघा. सरळ छापील फॉर्म भरून पाठवला, कारणाच्या रकान्यात ‘घरगुती अडचण’. टिटवीचं हे तिसरं घर आहे. जिल्ह्यात जागा नाही, म्हणजे तिला कुठेतरी शंभर मैलांवर टाकतील. शाळा जाईल, मैत्रीण जाईल, तिने पाळलेला एकुलता एक मासा जाईल.

परवा मी तिला शाळेतून गाडीत घेतलं. ती नेहमीसारखी बडबडत होती आणि अचानक थांबली. टिटवी थांबली की मी आरशात बघते. मग म्हणाली, ‘मी माझी बॅग भरून ठेवू का? मला आता घड्या छान येतात.’

मी गाडी बाजूला घेतली आणि तिला सांगितलं, तुला इथून कुठे जावं लागणार नाही. मी बघते. आणि ऑफिसात येऊन तिच्या नोंदीत तेच लिहिलं, ‘मी तुला वचन दिलं की तू इथेच राहशील.’ लिहिताना इतकं हलकं वाटलं, जणू लिहिलं म्हणजे झालंच.

तिथून थेट मी पिवळ्या दाराशी गेले. बाईंना म्हटलं, पोर म्हणजे काय दुकानातून आणलेला कोट आहे का, बसला नाही म्हणून परत करायला? त्यांनी दार लोटलं. लोटूच दे. असल्या लोकांना मुलं द्यायचीच कशाला? चार महिने पोर जवळ झोपवायचं आणि मग फॉर्म भरायचा. तू असं कधी केलं नसतंस. तुझ्या स्वप्नातही आलं नसतं.

कर्स्टी


फ्लूकबरा,
८ नोव्हेंबर

प्रिय कर्स्टी,

सोबत आल्याच्या पार्किन केकचा डबा पाठवते आहे. तीन दिवस झाकून ठेव, मग खा, म्हणजे मऊ होईल. तू ठेवणार नाहीस हे माहीत आहे.

त्या बाईला इतकं बोलायला नको होतंस. आतलं काही आपल्याला ठाऊक नसतं.

डोळे दुखतात, बाकी नंतर लिहीन.

डोरीन


मोरकॅम,
१० नोव्हेंबर

प्रिय आंटी,

पार्किन संपला. अर्धा ऑफिसनेच खाल्ला.

फर्झानाने माझी नोंद वाचली. फर्झाना म्हणजे माझी मार्गदर्शक. वीस वर्षं हे काम करतेय, आवाज कधी चढवत नाही, त्यामुळे जास्त भीती वाटते. तिने मला शेजारी बसवलं, स्क्रीनवर ते वाक्य दाखवलं आणि विचारलं, हे वचन तुझ्या हातातलं होतं का? मी म्हटलं, नव्हतं. मी ते खोडून टाकते. ती म्हणाली, ‘इथलं काही खोडता येत नाही, कर्स्टी. खाली आणखी लिहिता येतं, पण वरचं जात नाही. ती अठरा वर्षांची होईल आणि हे वाचेल.’

शिकाऊ असो की जुनी, या कामात मुलाला असं वचन द्यायचं नसतं हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. माझ्या वहीत मी ते दोनदा अधोरेखित केलंय. टिटवीला आजवर सगळ्यांनी हेच सांगितलं असणार, आणि आता त्यांच्यात मी एक, तेही लेखी.

बाईंनी माझी तक्रार केली नाही. का, कळत नाही. फर्झानाने बावीस तारखेला तिथे पुन्हा भेट ठरवली आहे. बोलणार मी, ती कोपऱ्यात बसून बघणार. ते बिघडलं तर माझं हे वर्ष गेलं. पण खरं सांगू, वर्षाचं मला फार नाही वाटत. काल दुपारी खुर्चीतच डोळा लागला तर स्वप्नात टिटवी वाळूवरून चालली होती. तिच्या प्रत्येक पावलात पाणी भरत होतं. मी हाक मारत होते आणि ती तुझ्यासारखी, तिला ऐकूच येत नव्हतं.

म्हणून तुला विचारते. तू मला नऊ वर्षं सांभाळलंस. मी काही गोड पोर नव्हते. मी तुझी काचेची भांडी फोडली, विल्फ अंकलच्या बुटात दूध ओतलं. तरी तू मला ठेवलंस. तुझ्याकडे असं काय होतं जे त्या बाईंकडे नाही? मला नीट सांग. मी ते जसंच्या तसं जाऊन त्यांना सांगेन.

तुझी
कर्स्टी


फ्लूकबरा,
१४ नोव्हेंबर

प्रिय कर्स्टी,

तीन दिवस धुकं आहे. समोरचा किनारा नाहीच. तू तिथे नाहीस असं समजून लिहिते, म्हणजे लिहिता येईल.

माझ्याकडे काही नव्हतं. मी पण नोटीस दिली होती.

तुझ्या त्या गुलाबी दिवसाची गोष्ट ऐक. ऑक्टोबर अठ्ठ्याण्णव, शनिवार. तुझी आई तेव्हा मोरकॅमला राहायची आणि आमच्या खिडकीतून मोरकॅम दिसायचं. तुला वाटलं, पाणी नाही तर चालत जाता येईल. दप्तरात तू जॅम लावलेले सहा पाव घेतले होतेस, तीन तिच्यासाठी. मी परसात कपडे वाळत घालत होते. आत आले तर तू नाहीस.

विल्फ ट्रॅक्टरला जाळी लावून पकडलेली करंदी घेऊन परत येत होता म्हणून त्याला तू दिसलीस. तू जिथे उभी होतीस तिथून दहा पावलांवर पाय ओढणारी वाळू होती. मागच्याच वर्षी तिने एक आख्खा ट्रॅक्टर गिळला होता. आणि भरतीचं पाणी परत वळलं होतं. विल्फने तुला कोटात गुंडाळलं आणि गाणी म्हणत आणलं, कारण तू मागे वळून बघू नयेस. मागे पाणी होतं. हे त्याने मला तू झोपल्यावर सांगितलं आणि मग तो मोरीत जाऊन ओकला. चाळीस वर्षं त्या वाळूवर काढलेला माणूस.

मी संध्याकाळभर तुझ्याजवळ गप्प बसले ते मायेने नव्हे. माझे हात थरथरत होते. करंदी सोलली नसती तर मी तुला मारलं असतं.

सोमवारी मी ऑफिसला चार ओळी लिहिल्या आणि पेटीत टाकून आले. मुलीला घेऊन जा, अठ्ठावीस दिवसांत. तू म्हणशील भीतीने लिहिलं असेल. हो, भीती होतीच. पण खोटं सांगत नाही, त्या आठवड्यात तू मला नकोच होतीस. मला माझं पूर्वीचं घर हवं होतं, जिथे कपडे वाळत घालताना फक्त कपड्यांचा विचार करता यायचा. कॅलेंडरवर रोज फुली मारायचे. तू विचारलंस फुल्या कसल्या, तर मी म्हटलं कोळसेवाल्याच्या.

अठ्ठाविसावा दिवस आला, कुणी आलं नाही. ऑफिसातली बाई म्हणाली, जागा मिळत नाही, आणखी दोन आठवडे ठेवाल का? मी म्हटलं, ‘दोन आठवडे. वर एक दिवस नाही.’ दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. ख्रिसमस गेला. दर वेळी मी वर एक दिवस नाही म्हणायचे आणि ती बाई दर वेळी आभार मानायची. मार्चमध्ये फोन आला की केंडलला एक घर मिळतंय. तेव्हा तुला कांजिण्या आल्या होत्या. मी म्हटलं, अंगभर फोड आहेत, आत्ता नाही हलवता येणार, खपल्या पडू देत, मग बघू. खपल्या पडल्या. त्यांनीही फोन केला नाही आणि मीही नाही.

अशी तू राहिलीस. मी तुला निवडलं बिवडलं नाही. एक दिवस लक्षात आलं की फोन वाजला की माझ्या छातीत धस्स होतंय, आणि ते आता तुला नेतील म्हणून होतंय. हे कधी बदललं ते मला सांगता येणार नाही. मी तेव्हा बघत नव्हते.

हे सगळं तुझ्या फाईलमध्ये आहे. तू ते माझ्या अक्षरात वाचशील, तर आधी माझ्याकडून कळावं. पंचवीस वर्षं सांगितलं नाही कारण तो ट्रॅक्टरचा दिवस तू इतक्या आनंदाने सांगायचीस. तुला गमावीन की काय अशी धास्ती मला या वयात पुन्हा वाटेल असं वाटलं नव्हतं.

त्या बाईला सांगायला माझ्याकडे काही नाही. तिला बोलू नकोस एवढंच.

डोरीन


फ्लूकबरा,
२३ नोव्हेंबर

कर्स्टी,

काल तुझी भेट होती. पत्र नाही. मी कसली तक्रार करणार.

धुकं गेलं. तुझी बाजू स्वच्छ दिसते आहे.

डोरीन


मोरकॅम,
२६ नोव्हेंबर

प्रिय आंटी,

मी आठ दिवस तुझ्यावर चिडले होते. रोज कामावरून येताना दगडी धक्क्यावर जायचे आणि मुद्दाम तुझ्या बाजूला पाठ करून उभी राहायचे. इतकी मोठी झाले तरी हे सुचलं. ट्रॅक्टरचा दिवस मी सगळ्यांना सांगितलाय. या कोर्सच्या मुलाखतीतसुद्धा सांगितला, तिघे परीक्षक होते, त्यातल्या एकाचे डोळे भरून आले होते. आता त्या दिवसाखाली पाणी दिसतं आणि तू मला नको होतीस हे दिसतं. ते वाक्य तू लिहायला नको होतंस असं मला चार दिवस वाटत होतं. पाचव्या दिवशी वाटलं, ते नसतं तर बाकीच्यावर माझा विश्वास बसला नसता.

आता मी पुष्कळ फायली वाचल्या आहेत. त्यांत माणसं लिहितात, आमचं तिच्यावर फार प्रेम आहे, आणि पुढच्या पानावर मूल हललेलं असतं. कांजिण्या हे कारण मी अजून कुठल्याच फाईलमध्ये वाचलेलं नाही. मला ते त्या सगळ्यांपेक्षा बरं वाटलं. राग पूर्ण गेलेला नाही, तो थोडा राहू दे.

बावीस तारखेचं सांगते. बाईंनी दार उघडलं तेव्हा त्यांचा चेहरा असा होता, जणू मी आता पुन्हा त्या कोटासारखं काहीतरी सुनावणार. मी आधी माफी मागितली. मग विचारलं, तुम्हाला कसली भीती वाटली? फर्झाना कोपऱ्यात पेन धरून बसली होती, तिचं पेन थांबलं. त्या बाई बराच वेळ टेबलावरचे पावाचे कण गोळा करत राहिल्या. मग सांगितलं. ऑक्टोबरच्या सुट्टीत त्यांचा दोन वर्षांचा नातू आला होता. टिटवी त्याला बाबागाडीत बसवून, कुणाला न सांगता, धक्क्याच्या टोकापर्यंत घेऊन गेली. त्याला पाणी दाखवायला. वारा होता. बाईंना ती दोघं लांबून दिसली, टिटवीने गाडीचा दांडा सोडला होता आणि दोन्ही हात पसरून त्याला पक्षी दाखवत होती. काही झालं नाही. पण बाईंना तेव्हापासून झोप नाही. त्या म्हणाल्या, ‘मला ती आवडते हो. पण मला तिच्याकडे बघितलं की तो दांडाच दिसतो.’

आंटी, तू ते पत्र लिहिलं नसतंस तर मी इथे काहीतरी शहाणपणाचं बोलले असते. मी फक्त म्हटलं की माझ्या ओळखीच्या एका बाईचे हात असेच थरथरले होते. मग मी त्यांच्याकडे कायमचं काही मागितलं नाही. म्हटलं, जागा मिळालेली नाही, मी शोधतेय. तोवर दोन आठवडे ठेवाल का? तोवर आठवड्यातून दोनदा शाळेनंतर मी येईन, तुम्ही एकट्याच जाऊन फिरून या.

त्या म्हणाल्या, ‘दोन आठवडे. पण वर एक दिवस नाही.’

मला हसू आलं, मी ते खोकल्यावर नेलं. फर्झानाला वाटलं मी रडतेय. तिने लिहिलंय, ‘शांत राहिली, ऐकून घेतलं.’ पास आहे.

टिटवीला मी खरं सांगितलं. म्हटलं, मी तुला जे वचन दिलं ते देण्यासारखं माझ्याकडे नव्हतं, माझं चुकलं. सध्या दोन आठवडे नक्की आहेत, पुढचं कळलं की आधी तुला सांगेन. आणि नोंदीत त्या वाक्याखाली तेच लिहिलं. तिने जरा विचार करून विचारलं, दोन आठवडे म्हणजे माशाला किती वेळा खायला घालायचं? आम्ही मोजलं. अठ्ठावीस वेळा. तिला तो आकडा खूप मोठा वाटला.

तुझी
कर्स्टी


मोरकॅम,
१९ जानेवारी २०२४

प्रिय आंटी,

आधी टिटवीचं. चौथे दोन आठवडे चालू आहेत. बाई दर वेळी वर एक दिवस नाही म्हणतात आणि मी दर वेळी आभार मानते. वरून जागा मिळाली का म्हणून विचारलं जातं, मी शोधतेय, खरंच शोधतेय, आणि रोज सकाळी फोन लावताना मनात म्हणते की उचलू नकोस. मागच्या मंगळवारी बाई तिला पोहायला घेऊन गेल्या. बाकी मी काही म्हणत नाही, एकदा म्हणून झालंय.

गेल्या शनिवारी माझी फाईल आली. चारशे अकरा पानं, दोन खोके. इतरांच्या नावांवर काळ्या पट्ट्या. मी सकाळी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून वाचायला घेतली आणि मान वर केली तेव्हा खाडी भरून पुन्हा रिकामी झाली होती. तुझी वही आहे त्यात. तू म्हणालीस तशी: जेवली, झोपली. एका पानावर नुसतंच ‘आज हसली’ आहे आणि तारखेखाली दोन रेघा.

आणि तुझी नोटीस. पाच ऑक्टोबर १९९८. चार ओळी, निळी शाई, अक्षर सरळ. मला वाटलं होतं हात कापलेला दिसेल. नाही दिसत. ती वाचून झाल्यावर मी नऊ वर्षांच्या पोरीसारखी रडले. तुला सांगितलं पाहिजे म्हणून सांगते.

पण एक सांगू का, आंटी. मी पुढची सगळी पानं पाहिली. दोनदा पाहिली. तू ती नोटीस मागे घेतल्याचा कागद कुठेच नाही. फर्झानाला दाखवलं, तिने तिच्या चष्म्यातून नीट तपासलं आणि म्हणाली, खरंच नाही. म्हणजे कागदोपत्री तुझे अठ्ठावीस दिवस दोन नोव्हेंबर अठ्ठ्याण्णवला संपले, आणि मी पंचवीस वर्षं नोटिशीवर आहे. ऑफिस अजून माझ्यासाठी जागा शोधतंय असं धरायला हरकत नाही. फर्झाना म्हणते, फाईलमधलं काही काढता येत नाही, पण कुणी काही पाठवलं तर खाली जोडता येतं.

तेव्हा तुझं काय म्हणणं आहे ते कळव.

कर्स्टी


फ्लूकबरा,
२३ जानेवारी २०२४

प्रति,
मुलांचा विभाग, कौन्सिल
(प्रत: कु. कर्स्टी ब्लीझडेल, माहितीसाठी)

विषय: नोटीस मागे घेण्याबाबत

महोदय,

मी ५ ऑक्टोबर १९९८ रोजी आपल्याला एक पत्र पाठवून कर्स्टी ब्लीझडेल, वय नऊ, हिला अठ्ठावीस दिवसांत माझ्या घरून घेऊन जावे असे कळवले होते. ते पत्र मी मागे घेत आहे.

कळवायला उशीर झाला. मुलीला कांजिण्या आल्या होत्या आणि नंतर राहून गेले.

तेव्हा मी कारण लिहिले नव्हते. आता लिहिते. मी घाबरले होते. मुलगी आता चौतीस वर्षांची आहे, आपल्याकडेच नोकरी करते, आणि मी अजूनही घाबरते, पण त्याची सवय झाली आहे.

माझे वय शहात्तर असून मला ऐकू येत नाही. घरात दोन खोल्या आहेत, त्यांतली मागची तिची आहे. आपल्याला येऊन कपाटे तपासायची असल्यास यावे.

तिच्यासाठी दुसरे घर शोधणे कृपया थांबवावे.

आपली,
डोरीन पोस्लथवेट